शाळेची निवड आणि शिक्षणाची हुंडी

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय वादाचा आहे, आणि त्या वादांत मी तिऱ्हाईत नाहीं, हें आधींच सांगून टाकलेलें बरें. मॅट्रिक होऊन अध्यापक विद्यालयाचीं दोन वर्षें पुरीं केलीं, आणि त्यानंतर छत्तीस वर्षें मीं स्थानिक संस्थेच्या प्राथमिक शाळांत मुलें शिकविलीं. ज्या शाळा सोडून पालक आपलीं मुलें दुसरीकडे नेतात, त्या शाळांचा मी मास्तर. मीं कोणाचें मीठ खाल्लें आहे, हें ध्यानांत ठेवूनच माझें बोलणें ऐकावें.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीं घडलेली एक गोष्ट सांगतों. आमच्या शाळेजवळच्या एकाच चाळींतले दोन बाप एके सायंकाळीं माझ्याकडे आले. एक रिक्षा चालवीत असे. दुसरा बाजारांत हमाली करी. दोघांच्याहि मुली सहा वर्षांच्या, आणि दोघींचेहि थोरले भाऊ आमच्याच शाळेंत. शिक्षणहक्काच्या कायद्यानें खाजगी शाळांत ज्या पंचवीस टक्के जागा मोफत ठेवाव्या लागतात, त्यांचे अर्ज मीं भरून द्यावे, अशी त्यांची विनंति. रिक्षावाला संकोचानें म्हणाला, "गुरुजी, राग मानूं नका. तुमच्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण थोरल्याला दोन वर्षें दोन इयत्ता एकत्र करून बसविलें, आणि त्यांतहि बाई कधीं मतदारयाद्यांच्या कामाला, कधीं कसल्या पाहणीला. पोरीचें तरी तसें नको." मला राग आला नाहीं, लाज वाटली, कारण तो खरें बोलत होता.

मीं दोघांचेहि अर्ज भरून दिले. सोडत निघाली. रिक्षावाल्याच्या मुलीचें नांव लागलें, हमालाच्या मुलीचें लागलें नाहीं. जून महिन्यांत एक मुलगी पिवळ्या गाडींत बसून गेली आणि दुसरी आमच्या पहिलीच्या वर्गांत येऊन बसली. दोघींची बुद्धि सारखी, दोघांच्या बापांची काळजी सारखी. अंतर पाडलें तें एका चिठ्ठीनें.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून आहे. पालकाला आपल्या मुलाची शाळा निवडतां यावी काय? यावी, तर त्यासाठीं सरकारनें पैसा शाळेला द्यावा, कीं पालकाच्या हातीं द्यावा? याच प्रश्नावर अमेरिकेंत सत्तर वर्षें वाद चालू आहे, आणि इतर कित्येक देशांनीं त्याचे निरनिराळे प्रयोग करून पाहिले आहेत. त्यांतून आपणांस काय शिकतां येईल, तें आज पाहूं.

प्रथम कल्पना समजून घेऊं. आपल्या नित्याच्या पद्धतींत सरकार इमारत बांधतें, शिक्षक नेमतें, आणि घराजवळच्या त्या शाळेंत मुलानें जावें अशी अपेक्षा असते. दुसरी पद्धति अशी कीं, एका मुलाच्या शिक्षणाला वर्षाकाठीं लागणारी रक्कम सरकारनें ठरवावी आणि तेवढ्या रकमेची चिठ्ठी पालकाच्या हातीं द्यावी. पालकानें ती मनास येईल त्या मान्यताप्राप्त शाळेंत, मग ती सरकारी असो वा खाजगी, नेऊन द्यावी. आणि शाळेनें ती दाखवून सरकारकडून पैसे घ्यावे. या चिठ्ठीला व्हाउचर म्हणतात. मी तिला शिक्षणाची हुंडी म्हणतों, कारण पूर्वीच्या पेढीवरील हुंडीसारखाच तिचा व्यवहार आहे. आणि हुंडीविषयीं एक गोष्ट जुन्या व्यापाऱ्यांना पक्की ठाऊक असे: हुंडी हातीं असणें निराळें आणि ती वटणें निराळें.

या कल्पनेचीं मुळें बरींच जुनीं आहेत. १७७६ सालीं अ‍ॅडम स्मिथनें लिहून ठेवलें कीं, शिक्षकाचा सर्वच पगार सार्वजनिक पैशांतून येऊं लागला, तर तो लवकरच कामाची हेळसांड करावयास शिकेल; म्हणून कांहीं भाग मुलांच्या फीमधून यावा. हें वाचून माझ्यासारख्या मास्तरानें मान खालीं घालावी कीं रागावावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें! १७९२ सालीं टॉमस पेन यानें गरीब कुटुंबांना चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलामागें सालीना चार पौंड द्यावे आणि मुलाला शाळेंत घालण्याचें बंधन ठेवावें, अशी सूचना केली. जॉन स्टुअर्ट मिलनें १८५९ सालीं म्हटलें कीं, शिक्षण सक्तीचें करणें हें सरकारचें काम. पण तें कोठें घ्यावें हें पालकांनीं पाहावें, आणि ज्यांना ऐपत नाहीं त्यांच्या फीला सरकारनें मदत करावी. या विचारांना आजचें रूप दिलें तें अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यानें, १९५५ सालच्या एका निबंधांत. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शिक्षणाला सरकारनें पैसा पुरविणें योग्य आहे. परंतु पैसा पुरविला म्हणून शाळाहि सरकारनेंच चालविल्या पाहिजेत, असें कांहीं नाहीं.

या पक्षाचें म्हणणें सहजासहजीं उडवून देण्यासारखें नाहीं. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते आजहि शाळा निवडतातच. आपण शहरांतले लोक घर घेतांना जवळ शाळा कोणती हें आधीं विचारतों. फी भरून मुलाला हवें तेथें घालतों. मग हीच सवड हमालाला कां नसावी? शिवाय मुलें दुसरीकडे जाऊं शकतात हें कळलें म्हणजे सुस्त शाळाहि जागी होईल, आणि ज्याला मातृभाषेची, कोणाला धर्मशिक्षणाची, कोणाला हस्तव्यवसायाची शाळा हवी, त्याला ती मिळेल.

उलट पक्षाचें उत्तर असें कीं, शाळा म्हणजे भाजीचें दुकान नव्हे. आज मेथी वाईट निघाली तर उद्यां दुसऱ्याकडे जातां येतें. मुलाचीं चार वर्षें वाईट गेलीं तर तीं परत आणतां येत नाहींत. पालक गणवेश आणि पाटी पाहतो. आंत शिकविणें कसें चालतें हें त्याला क्वचित् कळतें. आणि सर्वांत मोठा आक्षेप हा कीं, निवड पालकाची म्हणतां म्हणतां ती शाळेच्या हातीं जाते. चार जागा आणि चाळीस अर्ज असले, म्हणजे कोण कोणाला निवडतो?

आतां प्रत्यक्षांत काय घडलें तें पाहूं. अमेरिकेंत या हुंडीच्या दोन जन्मकथा आहेत आणि दोन्ही जाणून घेण्यासारख्या आहेत. पहिली व्हर्जिनिया राज्यांतील. १९५४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणें घटनाबाह्य ठरविलें. मुलें एकत्र बसवावीं लागूं नयेत म्हणून प्रिन्स एडवर्ड नांवाच्या परगण्यानें १९५९ सालीं आपल्या साऱ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठीं खाजगी शाळा निघाली, आणि तिच्या फीसाठीं सार्वजनिक पैशांतून मदत मिळाली. काळीं मुलें मात्र बहुतांशीं चार वर्षें शाळेवांचून राहिलीं. अखेर १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा पुन्हां उघडण्यास भाग पाडलें. तेथें निवडीचें नांव होतें, पण काम बहिष्काराचें होतें.

दुसरी कथा विस्कॉन्सिन राज्यांतील मिलवॉकी शहराची, १९९० सालची. येथें हुंडी मागितली ती काळ्या वस्तींतल्या आयाबापांनीं. त्यांच्या मुलांच्या सरकारी शाळा निकृष्ट होत्या आणि त्या सुधारण्याची वाट पाहून ते थकले होते. पॉली विल्यम्स या त्यांच्या काळ्या लोकप्रतिनिधि डेमोक्रॅटिक पक्षाच्या; गव्हर्नर टॉमी थॉम्प्सन हे रिपब्लिकन; पण दोघांनीं मिळून ती योजना पार पाडली. तिचे नियम जाणून घेण्यासारखे आहेत. हुंडी फक्त गरीब कुटुंबांना. शाळेनें वर आणखी फी घ्यावयाची नाहीं. आणि अर्ज जास्त आले तर सोडत. पहिल्या वर्षीं जेमतेम साडेतीनशें मुलें गेलीं. एकच हत्यार, पण एके ठिकाणीं तें गरिबाला बाहेर ठेवण्यासाठीं उगारलें गेलें, आणि दुसरीकडे त्याला आंत घेण्यासाठीं. फरक सारा नियमांत होता.

मुलें अधिक शिकलीं काय? सोडतीमुळें याची परीक्षा करणें सोपें जातें. कारण नांव लागलेलीं आणि न लागलेलीं मुलें सरासरीनें सारखींच असतात. वॉशिंग्टन शहरांतील २००४ सालच्या योजनेची अशी पाहणी झाली. २०१० च्या अहवालाप्रमाणें परीक्षांच्या गुणांत ठाम फरक दिसला नाहीं. परंतु शालान्त शिक्षण पुरें करणाऱ्यांचें प्रमाण, ज्यांना हुंडी देऊं केली होती त्यांच्यांत ८२ टक्के आणि इतरांत ७० टक्के निघालें. हा लहान लाभ नव्हे. उलट लुइझियाना राज्यानें २०१२ सालीं योजना राज्यभर पसरविली, तेव्हां हुंडी घेऊन गेलेलीं मुलें गणितांत स्पष्टपणें मागें पडलीं. ज्या खाजगी शाळांत मुलांची संख्या आधींच घटत होती, त्यांतल्या बऱ्याचशा हुंडी घेण्यास पुढें आल्या होत्या, हें त्याचें एक कारण संशोधकांनीं सुचविलें आहे. चांगल्या शाळेला हुंडीची गरज नसते. जिला गरज असते ती चांगली असतेच असें नाहीं.

२०२२ नंतर अमेरिकेंत या वादानें निराळें वळण घेतलें. अ‍ॅरिझोना राज्यानें त्या वर्षीं गरिबीची अट काढून टाकून हा पैसा साऱ्याच कुटुंबांस खुला केला, आणि प्रारंभीं आलेल्या अर्जदारांपैकीं बहुतेक मुलें मुळीं सरकारी शाळेंत नव्हतींच. म्हणजे जे आधींच स्वतःच्या खर्चानें निवड करीत होते, त्यांचा खर्च सरकारनें उचलला. इतर राज्येंहि त्या वाटेनें निघालीं. पण २०२४ च्या नोव्हेंबरांत केंटकी आणि नेब्रास्का या दोन राज्यांतील मतदारांनीं अशा योजना मतदानानें नाकारल्या. मिलवॉकीच्या आयाबापांची मागणी आणि ही मागणी यांचें नांव एक असलें तरी जात एक नाहीं.

आतां एका अशा देशाकडे वळूं, जेथें ही हुंडी कांहीं शहरांपुरती राहिली नाहीं, तर सबंध राष्ट्राला लागू झाली. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या लष्करी सरकारनें १९८१ सालीं शाळा नगरपालिकांच्या हवालीं केल्या आणि जेवढीं मुलें तेवढा पैसा, हा नियम सरकारी आणि खाजगी शाळांना सारखाच लावला. खाजगी शाळा भराभर निघाल्या. एके काळीं तीन-चतुर्थांशाहून अधिक मुलें सरकारी शाळांत होतीं. पुढें तीं निम्म्याहूनहि कमी झालीं. स्पर्धेनें शिक्षण सुधारतें तर चिलींत तें झपाट्यानें सुधारावयास हवें होतें. परंतु दोन अर्थशास्त्रज्ञांनीं त्या देशांतील परगण्यांची तुलना करून २००६ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, जेथें खाजगी शाळा अधिक वाढल्या तेथें एकंदर मुलांचें शिक्षण अधिक सुधारल्याचा पुरावा मिळत नाहीं. मात्र सुखवस्तु घरचीं मुलें सरकारी शाळांतून निघून गेलीं.

असें कां झालें? कारण शाळांना मुलें निवडण्याची मोकळीक होती. प्रवेशपरीक्षा घ्यावी, आईबापांची मुलाखत घ्यावी, आणि १९९० नंतरच्या दशकांत तर हुंडीवर आणखी फी घ्यावी, अशी मुभा मिळाली. मग शाळेला सुधारण्याची कटकट कशाला? हुशार आणि सुस्थितींतलीं मुलें वेंचून घेतलीं कीं निकाल आपोआप चांगला लागतो! हुंडी सर्वांच्या हातीं होती; पण ती कोणाची वटवावयाची हें पेढीवाला ठरवीत होता.

२००६ सालीं तेथील माध्यमिक शाळांतलीं मुलेंच रस्त्यावर उतरलीं. काळापांढरा गणवेश, म्हणून लोक त्यांना पेंग्विन म्हणत. त्यानंतर २००८ सालीं गरीब मुलाच्या हुंडीची रक्कम वाढविली गेली, आणि २०१५ च्या कायद्यानें सार्वजनिक पैसा घेणाऱ्या शाळांतील मुलांची निवड, वरची फी आणि नफा हीं तिन्हीं हळूहळू बंद करण्याचें ठरलें. चौतीस वर्षांनंतर त्या देशाला जें उमगलें, तें मिलवॉकीच्या गरीब आयाबापांच्या योजनेंत पहिल्या दिवसापासून लिहिलेलें होतें.

निवडीनें नेहमींच असें होतें असें मात्र नाहीं. हॉलंडमध्यें १९१७ पासून सरकारी आणि खाजगी शाळांना सारखा पैसा मिळतो, आणि सुमारें दोन-तृतीयांश मुलें खाजगी शाळांत शिकतात. पण पैशाबरोबर सरकारची कडक तपासणी येते, आणि घरीं शिक्षणाची परंपरा नसलेल्या मुलांमागें शाळेला अधिक रक्कम मिळत आली आहे. स्वीडननें १९९२ सालीं हुंडी सुरू केली, पुढें वरची फी घेण्यास बंदी केली, पण नफ्यासाठीं शाळा चालविण्यास मोकळीक दिली. २०१३ सालीं तेथील एक मोठी शाळाकंपनी बुडाली आणि हजारों मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला.

आतां आपल्या घरीं येऊं. सरकारचा पैसा आणि खाजगी शाळा ही जोडी आपल्याकडे नवी नाहीं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें खाजगी शाळांना अनुदान देण्याची पद्धति घातली, आणि महाराष्ट्रांतल्या कित्येक नामांकित माध्यमिक शाळा त्या अनुदानावर उभ्या राहिल्या. पण १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें जें गाऱ्हाणें मांडलें, तें विसरतां येत नाहीं. सरकारचें उत्पन्न शेतकऱ्याच्या कष्टांतून येतें आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, असें त्यांनीं सांगितलें, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. पैसा कोणाचा आणि पोहोंचतो कोठें, हा प्रश्न आपल्याकडे हुंडीच्या फार आधीं विचारला गेला आहे.

हुंडीचा मोठा शास्त्रीय प्रयोग आपल्या देशांत आंध्र प्रदेशांत झाला. २००८ पासून पांच जिल्ह्यांतील १८० खेड्यांत सोडत काढून सरकारी शाळांतील कांहीं मुलांना खाजगी शाळेंत जाण्याची सोय करून देण्यांत आली, आणि चार वर्षें त्यांच्या प्रगतीचें मोजमाप झालें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दोन्ही पक्षांना विचार करावयास लावणारा आहे. तेलुगु आणि गणित या मुख्य विषयांत खाजगी शाळेंत गेलेलीं मुलें सरकारी शाळेंतल्या मुलांहून पुढें गेलीं नाहींत; हिंदींत मात्र गेलीं. परंतु खाजगी शाळेला एका मुलामागें येणारा खर्च सरकारी शाळेच्या एक-तृतीयांशाहूनहि कमी होता आणि मुख्य विषयांना तिनें वेळहि कमी दिला होता. मागें राहिलेल्या मुलांचें नुकसान झाल्याचेंहि त्यांत आढळलें नाहीं. "एवढ्या खर्चांत तुम्ही काय केलें?" हा प्रश्न त्यांतून आम्हां सरकारी मास्तरांना निश्चित विचारला जातो. खाजगी शिक्षकाला किती तुटपुंजा पगार देऊन हा खर्च वांचविला जातो, हा प्रश्नहि त्याच्या जोडीनें विचारला पाहिजे.

आणि आपल्या दाराशीं आलेली हुंडी म्हणजे तो पंचवीस टक्क्यांचा नियम. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. खाजगी विनाअनुदानित शाळांनीं प्रवेशाच्या पहिल्या वर्गांत चौथा हिस्सा जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना मोफत द्याव्या, आणि सरकारनें त्याबद्दल आपल्या दरडोई खर्चाइतकी किंवा शाळेच्या फीइतकी, जी कमी असेल ती रक्कम शाळेला परत द्यावी, असें त्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं हा नियम घटनेला धरून असल्याचें ठरविलें. अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र वगळल्या. शाळेनें मुलाची निवड करूं नये म्हणून सोडत ठेवली, हें त्यांतलें शहाणपण. २०२५ सालीं आपल्या राज्यांत अशा एक लाखाहून अधिक जागांसाठीं सुमारें तीन लाख अर्ज आले होते. म्हणजे माझ्याकडे आलेल्या त्या दोन बापांसारखे बाप लाखोंनीं आहेत.

पण ही हुंडी वटतांना काय होतें, तेंहि पाहा. सरकारकडून परतावा वेळेवर येत नाहीं, ही शाळांची तक्रार वर्षानुवर्षांची. फी माफ असली तरी गाडी, सहल, स्नेहसंमेलन, जादा पुस्तकें यांचा खर्च बापाच्या माथीं येतो. आमचा रिक्षावाला पहिल्याच वर्षीं त्यापायीं कर्जांत पडला. त्यांतच ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं राज्य सरकारनें नियम बदलून, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तिला या बंधनांतून मोकळें केलें. शहरांत अशी शाळा बहुधा जवळ असतेच. तेव्हां नियम उरला कागदावर. १९ जुलै २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तो बदल रद्द केला आणि पुढच्या महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि त्यांत हात घालण्यास नकार दिला. न्यायालयानें दार पुन्हां उघडलें हें योग्यच झालें. पण सरकारी शाळा जवळ आहे, तेथें जा, असें सरकार म्हणूं लागलें तेव्हां पालक इतके कां घाबरले, या प्रश्नाचें उत्तर न्यायालयांत मिळणारें नाहीं. तें आमच्या वर्गांत शोधावें लागेल.

येथें मला मागें राहिलेल्या मुलीविषयीं बोलावयाचें आहे. शाळेचा पट आणि शिक्षकांची संख्या यांचा हिशेब पालकांना सहसा ठाऊक नसतो. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन. समजा, एका शाळेचा पट त्रेसष्ट आहे. शिक्षक तीन आहेत, म्हणजे एकामागें एकवीस मुलें. त्यांतलीं तीन मुलें दुसऱ्या शाळेंत गेलीं. पट साठ झाला. संचमान्यतेच्या वेळीं एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचें समायोजन दुसरीकडे होतें. आतां साठ मुलें, पांच इयत्ता आणि शिक्षक दोन! गेलेलीं मुलें तीन. पण राहिलेल्या साठांचा तिसरा हिस्सा शिक्षक गेला. मग दोन इयत्ता एकत्र बसतात. रिक्षावाल्यानें जी तक्रार केली होती, तिचें मूळ हें. तें पाहून पुढच्या वर्षीं आणखी पांच मुलें जातात. इमारतीचा खर्च तेवढाच, शिपायाचा तेवढाच. फक्त शिकविणें आटत जातें. आंध्रच्या प्रयोगांत मागें राहिलेल्यांचें नुकसान दिसलें नाहीं हें खरें, परंतु ही गळती दोन-चार वर्षांची नाहीं; मीं ती वीस वर्षें डोळ्यांनीं पाहिली आहे.

दुसरें नुकसान हिशेबांत येत नाहीं. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं तें नेमकें दाखविलें होतें. कामांत खोट दिसली म्हणजे माणूस एक तर तक्रार करतो, नाहीं तर निघून जातो. ज्यांना गुणावगुणाची पारख अधिक, तेच बहुधा आधीं निघून जातात, आणि मग तक्रार करणारा कोणी उरत नाहीं. आमच्या शाळेंत बाई आठ दिवस आल्या नाहींत तर मुख्याध्यापकांच्या खोलींत येऊन जाब विचारणारा पालक म्हणजे तो रिक्षावाला. त्याचा मुलगा चौथी होऊन गेला, मुलगी आलीच नाहीं. आणि जाब विचारणारा माणूस गेला. हमाल बिचारा पहांटे चारला बाजारांत जाई. तो कोणाला काय विचारणार?

तेव्हां या साऱ्यांतून निष्कर्ष काय काढावा? निवड वाईट, असें मी म्हणणार नाहीं. ज्या बापानें आपल्या पोरीसाठीं दार ठोठावलें त्याला सरकारी मास्तरानें अडविणें हा अपराध होय. पण हुंडी द्यावयाची तर तिच्याबरोबर चार गोष्टी आल्याच पाहिजेत. शाळेनें मूल निवडूं नये, सोडत असावी. हुंडीवर एक पैसाहि अधिक मागूं नये, आणि गाडी-सहलीच्या नांवानेंहि मागूं नये. गरीब मुलाच्या हुंडीची रक्कम कमी नसावी, अधिक असावी, कारण त्याला शिकविण्यास कष्ट अधिक पडतात. आणि ती वेळेवर पोहोंचावी. चौथी गोष्ट, जेथें सार्वजनिक पैसा जातो तेथें सार्वजनिक तपासणी जावी, मग शाळा कोणाचीहि असो.

आणि या चारांच्याहि आधीं एक गोष्ट येते. जेथें साऱ्या मुलांसाठीं लाख जागा आणि तीन लाख अर्ज असतात, तेथें हुंडीनें प्रश्न सुटत नाहीं. ज्याची चिठ्ठी निघाली त्याचा सुटतो. उरलेल्या दोन लाखांना घराजवळचीच शाळा आहे. ती चांगली करणें याला दुसरा पर्याय नाहीं. पट दोन-चारांनीं घटला म्हणून लगेच शिक्षक काढून नेऊं नये, शिक्षकाला शिकविण्यावांचून दुसरीं कामें सांगूं नयेत, आणि शिक्षकानें शिकविलें नाहीं तर त्याला विचारणारा कोणी तरी असावा. हें शेवटचें मी माझ्या व्यवसायबंधूंना रुचणार नाहीं हें जाणून बोलतों आहें.

श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेकांनीं आपली निवड केव्हांच केलेली आहे. आपलीं मुलें आणि नातवंडें चांगल्या शाळांत आहेत, आणि त्याबद्दल कोणी आपणांस दोष देणार नाहीं. पण आपल्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर जी पालिकेची शाळा आहे, तिचा पट किती, शिक्षक किती, कोणत्या इयत्ता एकत्र बसतात, हें आपणांस ठाऊक आहे काय? कायद्यानें प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिति दिली आहे आणि तिच्यांत निदान तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. त्यांतल्या बहुतेकांना लिहिण्याबोलण्याचा सराव नाहीं. तो आपणांस आहे. त्यांच्या अर्जाचा मसुदा लिहून देण्यास, कचेरींत त्यांच्याबरोबर जाण्यास, आपलें मूल त्या शाळेंत असावें लागत नाहीं.

त्या दोन मुली आतां सातवींत आहेत. हमालाची मुलगी पालिकेच्याच शाळेंत शिकते. गणितांत बरी आहे, इंग्रजीला घाबरते. रिक्षावाल्याची मुलगी इंग्रजी छान वाचते. गेल्या महिन्यांत तिचा बाप रस्त्यांत भेटला. पंचवीस टक्क्यांची सवलत आठवीपर्यंतच आहे, हें त्याला नुकतेंच समजलें होतें. "गुरुजी," तो म्हणाला, "आठवीनंतर तिथली फी मला झेपणार नाहीं. मग पोरीला परत कुठें आणूं?"

मीं त्याला जवळची एक अनुदानित माध्यमिक शाळा सांगितली. हमालाच्या मुलीलाहि मीं तीच सुचविली आहे. दोघी नववींत एकाच बाकावर येतील असें दिसतें. तोंपर्यंत तेथें शिक्षक पुरे असावेत, एवढीच माझी इच्छा आहे.